सेट नको, सुटं द्या

कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका बोळात, जुन्या लाकडी जिन्याच्या माडीवर हे ड्रेपरीचं दुकान आहे. मालक म्हणाले, "बाई, नाव नका घालू, काय असंल ते कामाचं लिवा." म्हणून नाव घालत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, तालमीच्या देखाव्याला, हौशी नाटकाला कपडे भाड्यानं नेणाऱ्या माणसांना हा जिना ठाऊक आहे. मी एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते आणि त्यातली अठरा वर्षं संमेलनाचं नाटक माझ्याकडे आहे. म्हणजे या जिन्यावर मी किमान अठरा डिसेंबर चढले आहे.

आधी कामाचं. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते मालक सत्तरीचे आहेत. वही त्यांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, सांभाळतात. यंदा एका सेटला दिवसाला दीडशे रुपये भाडं पडलं, अनामत पाचशे. नऊवारी आणि जरीचं काम असलेले कपडे अडीचशे. कपडे धुतलेले मिळतात, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेल्या मावळ्याच्या अंगरख्यानं एकदा माझ्या सातवीच्या सहा मुलांच्या माना खाजवून लाल झाल्या होत्या. इथं गच्चीवर दोऱ्या बांधून सगळं उन्हात वाळवतात. डांबरगोळ्यांचा वास येतो, पण एक दिवस आधी नेऊन वर्गात पसरून ठेवलं की जातो. मिशा पुठ्ठ्यावर चिकटवून आकाराप्रमाणे लावलेल्या आहेत, नथी आणि बुगड्या बिस्किटाच्या डब्यात. फेट्यासाठी मामा स्वतः मुलाच्या डोक्याभोवती सुतळी धरून माप घेतात आणि बांधून, आतून टाके घालून देतात. तो फेटा मुलानं रंगमंचावर कोलांटी मारली तरी सुटत नाही. सेफ्टी पिनांची डबी फुकट मिळते आणि परत मागत नाहीत.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

दुकानात कपडे पिशव्यांत लावलेले आहेत. प्रत्येक पिशवीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर मामांच्या टपोऱ्या अक्षरात नाव. पाटील. सावकार. हवालदार. पैलवान. नर्स. मोलकरीण. गुंड. आदिवासी. धनगर. मद्रासी. खेडवळ मुलगी. लावणी. पिशवी उघडली की माणूस तयार. पाटलाच्या पिशवीत धोतर, कोट, फेटा, झुबकेदार मिशी आणि चाबूक. मोलकरणीच्या पिशवीत वर खोचायची नऊवारी, मोठं कुंकू आणि पानाचा डबा. सतरा वर्षं मी यादी करून जायचे, "एक पाटील, दोन हवालदार, एक मोलकरीण," आणि अर्ध्या तासात मोकळी व्हायचे. वेळ नसतो, मुलं वाट बघत असतात, आणि प्रेक्षकात बसलेल्या आईबापांना पडदा सरकल्याबरोबर कळतं की हा कोण. सोय मोठी आहे.

यंदा नाटक मुलांनीच लिहिलं होतं. नववीच्या वर्गानं आपापल्या गल्लीतली माणसं घेतली होती. कपडे निवडायला मी चार मुलांना बरोबर नेलं, आणि तिथं माझी यादी मोडली.

पहिल्यांदा मोडली ती धनगराच्या पिशवीपाशी. आमच्या वर्गात गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यातला एक मुलगा आहे, इथं मावशीकडे राहून शिकतो. त्यानं पिशवी उघडली. लाल पागोटं, घोंगडी, काठी आणि कापूस भरलेलं एक मेंढरू. तो बराच वेळ त्या मेंढराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, आमच्यात मेंढरं न्हाईत. आमची म्हसरं हायत." सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी धनगर म्हशी पाळतात, दूध-तुपावर त्यांचा संसार चालतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी सतरा वर्षं मी ते मेंढरू नेत होते.

दुसऱ्यांदा मोडली गुंडाच्या पिशवीपाशी. काळा सदरा, जाळीची बनियन, चौकड्याची लुंगी, गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत, सुरम्याची डबी, गालावर चिकटवायचा रबरी व्रण. एका मुलानं लुंगी हातात घेतली. त्याचे वडील शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहेत. तो सहज म्हणाला, "अब्बांची पण अशीच हाय." आणि मग त्याच्या लक्षात आलं की पिशवीवर काय लिहिलंय. त्यानं लुंगीची घडी नीट घातली आणि परत पिशवीत ठेवली. काही बोलला नाही. ज्या गावात तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा शेजारी शेजारी बसलेले आपण बघितलेत, त्या गावातल्या चौदा वर्षांच्या पोराला आपल्या बापाची लुंगी गुंडाच्या पिशवीत सापडावी, याचं मला फार वाईट वाटलं.

मी मामांना विचारलं, हे असं का लावलंय. त्यांनी सरळ सांगितलं. "बाई, लोक सिनेमात जे बघत्यात तेच मागत्यात. मी निस्ता हवालदार दिला, फुल पँटीतला, तर म्हणत्यात ह्यो हवालदार वाटत न्हाई." त्यांच्याकडे हवालदाराची अर्धी खाकी चड्डी अजून आहे. पोलिसांची ती अर्धी चड्डी जाऊन कितीतरी दशकं झाली. रस्त्यावर आज ती कुणीही घालत नाही, पण संमेलनात घालतात, कारण पडद्यावरच्या मराठी हवालदारानं ती घातली होती, तो पानाची पिंक टाकायचा, सलाम ठोकताना अडखळायचा आणि साहेबापुढे थरथरायचा. हिंदी सिनेमात तो हवालदार मराठी, भांडी घासणारी बाई मराठी आणि साहेब दुसराच कुणी. आमची पोरं ते बघून हसत वाढली. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. सलवार-कुडत्यावर पांढरा ॲप्रन घालून ती रात्रपाळीला जाते, एका वेळी तीस-चाळीस पेशंट बघते. दुकानातल्या नर्सच्या पिशवीत गुडघ्याच्या वरचा पांढरा फ्रॉक आणि टोपी आहे. पेशंटच्या नातेवाइकांपैकी काही जण तिच्याशी ज्या सुरात बोलतात, तो सूर त्या फ्रॉकातून आलेला आहे असं ती म्हणते, आणि मला ते पटतं.

मामांचे वडील स्टुडिओत शिवणकाम करायचे. त्यामुळे हा विषय निघाला की ते जुन्या गोष्टींवर येतात, आणि मला त्या ऐकायला आवडतात. कोल्हापूरला सिनेमा बाहेरून आला नाही, इथं घडला. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली 'सैरंध्री' आणला. 1929 साली प्रभात कंपनी इथंच निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. जयप्रभा, शालिनी ही स्टुडिओंची नावं आमच्या घराघरात होती, कारण प्रत्येक पेठेतलं कुणी ना कुणी तिथं सुतार, रंगारी, घोडेवाला नाहीतर गर्दीतला माणूस होतं.

आणि सावकार हा पडद्यावर आला तोही इथूनच. बाबूराव पेंटरांचा 1925 चा 'सावकारी पाश' मूकपट. त्यात व्ही. शांताराम तरुण शेतकरी झाले होते. कर्जापायी जमीन जाते आणि शेतकरी गाव सोडून गिरणीत मजूर होतो, अशी ती कथा. देव-दानवांचे सिनेमे निघत होते त्या काळात कोल्हापूरच्या एका माणसानं शेतकऱ्याच्या झोपडीत कॅमेरा नेला, हे फार मोठं काम होतं. त्यामागे खरं दुःख होतं. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते, त्या आठवणी तेव्हा ताज्याच म्हणायच्या. पेंटरांनी जो सावकार दाखवला तो बघून दाखवला. पुढे दुसऱ्यांनी पेंटरांचा सावकार बघून सावकार दाखवला, तिसऱ्यांनी दुसऱ्याचा बघून. शंभर वर्षांनी मामांच्या पिशवीत काय उरलं? काळी टोपी, नाकावर घसरणारा चष्मा, लाल चोपडी आणि हातात मोजायला खोट्या नोटा. आजचं कर्ज मोबाइलवर येतं, वसुलीचे फोन रात्री दहा वाजता येतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी ते येत होते, तिनं नाटकात तेच लिहिलं. तिचा सावकार पडद्यामागून फक्त आवाजानं येतो. त्याला पिशवीतलं काहीच लागलं नाही.

लावणीचंही असंच. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला, तुफान चालला आणि पुढची कितीतरी वर्षं गावाचा सिनेमा म्हणजे तमाशाचा फड, रंगेल पाटील आणि घर मोडणारी नाचणारी बाई, असं ठरून गेलं. सिनेमे चांगले होते, गाणी आजही मी गुणगुणते. पण फडावरच्या बाईकडे बघायची गावाची नजर त्यानं सुधारली नाही. मुलींना लावणीची साडी हवी असते, ती दुकानातली सगळ्यात देखणी साडी आहे. आणि दर वर्षी एक तरी आई मला बाजूला घेऊन म्हणते, "बाई, हिला त्यात नको घ्या, लोक काय म्हणतील." पोट भरायला रात्ररात्र नाचून चार-चार भावंडांची लग्नं लावून देणाऱ्या बायका याच महाराष्ट्रात आहेत. त्यांच्याबद्दलची ही भीती त्या आईला कुणी शिकवली? तिनं आयुष्यात एकदाही फड बघितलेला नव्हता, मी विचारलं होतं.

मला हे इतकं लागतं त्याला घरचं कारण आहे. आप्पा, माझे वडील, सुतार. मंगळवार पेठेत आमचं छोटं वर्कशॉप होतं. सहा फूट उंची, रंग काळा, तालमीत कमावलेलं अंग आणि पटाशी निसटून उजव्या गालावर झालेला व्रण. स्टुडिओत सेट ठोकायला गेले होते, तिथं कुणीतरी बघितलं आणि उभं केलं सावकाराच्या मागे. त्यानंतर दहा-बारा वर्षं, जेव्हा जेव्हा बोलावणं आलं तेव्हा काळा सदरा. एक वाक्य कधी मिळालं नाही. कुणाचं तरी घर पाडायचं, कुणाला तरी फरफटत न्यायचं आणि शेवटी मार खायचा. "वरची दोन बटणं उघडी ठेव" एवढीच सूचना असायची. दिवसाची मजुरी मिळायची, ती घरात लागायची.

घरी आप्पा गळ्यापर्यंत बटण लावायचे. आवाज इतका हळू की आई म्हणायची, "जरा मोठ्यानं बोला, मी काय भिंत हाय?" संध्याकाळी मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जायचे. म्हशीचं धारोष्ण दूध, वर फेस. एकदा शेजारी उभ्या असलेल्या बाईनं आप्पांकडे बघितलं आणि आपल्या पोराला पदराआड घेतलं. मी सात-आठ वर्षांची असेन. आप्पांनी पेला अर्धा ठेवला आणि माझा हात धरून निघाले. पुढे 2000 साली माझं लग्न जमवताना एका स्थळाकडून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण घर "तसलं" आहे का याची चौकशी करतो. आप्पांनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. चौकशीला आलेल्या पाहुण्यांना बसायला पाट दिला तो त्यांनीच रंधून, पॉलिश करून आणलेला होता.

म्हणून त्या दिवशी मी मामांना म्हटलं, मामा, सेट नको, सुटं द्या.

इथं या दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण देते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सेट मोडत नाही, हिशेब बिघडतो. मामा दोन मिनिटं गप्प बसले आणि वहिनींना म्हणाले, "सोड पिशव्या." अडीच तास आम्ही जमिनीवर सदरे एकीकडे, लुगडी एकीकडे, पगड्या एकीकडे असं लावलं. वहिनींनी वहीत प्रत्येक नगाचं वेगळं भाडं लिहिलं, वीस रुपयांपासून साठ रुपयांपर्यंत. एकूण बिल सेटपेक्षा कमी आलं. मुलं मापाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे कपडे शोधायला लागली. पैलवानाच्या पिशवीतून गदा आणि फुगवलेली बनियन बाहेर राहिली. पैलवान झालेल्या मुलाला खाशाबा जाधव माहीत होते, 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलेले. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं की खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्यानं कोट आणि पुस्तक मागितलं. सिनेमातल्या पैलवानाला अक्कल नसते आणि मार खाऊन तो पडतो, एवढ्यासाठीच असतो. त्या कोटातला आमचा पैलवान ताठ चालला.

तक्रारीही आहेत, त्या लिहिते. एक, दुकानात आजची माणसं नाहीत. एसटीची महिला कंडक्टर हवी होती, तिची खाकी मिळाली नाही, शेवटी एका पालक बाईंनी स्वतःची दिली. फाउंड्रीचं हेल्मेट नाही. खेडवळ मुलगा म्हटल्यावर मामांनी पटका काढला, आणि पोरं म्हणाली, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळेही खेड्यातलाच, राधानगरी तालुक्यातला, पॅरिसला 2024 साली नेमबाजीत पदक आणलं. नेमबाजाचं जाकीट दुकानात नव्हतं. ते असायला पाहिजे, निदान कोल्हापुरात तरी. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या शहरातल्या.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती रंगभूषेची. दुकानातर्फे मेकअपवाला येतो, मुलामागे चाळीस रुपये. हात चांगला आहे, पण त्याच्या पेटीत "आदिवासी" म्हणून काजळीसारखा काळा रंग आहे, तोच तो राक्षसालाही लावतो. आणि आमच्या सावळ्या मुलीला बघून त्यानं न विचारता गोरा पॅनकेक काढला, "ही हिरॉईन ना, उजळ करतो." मी थांबवलं. ती मुलगी रंगानं आप्पांच्यासारखी आहे. दोन्ही डबे बंद करून नुसती पावडर आणि डोळ्यांत काजळ घालायला सांगितलं, त्यानं ऐकलं, पण दुसऱ्या शाळेत तो तेच करणार. मामांनी त्याला एकदा बसवून सांगायला हवं. तुम्ही या दुकानातून माणूस मागवलात तर पेटी आधी उघडून बघा.

भाषेचं कुणी भाड्यानं देत नाही, पण सांगते. आमच्याकडे बायका-मुली "मी आलो, मी जातो" म्हणतात. माझी आजी म्हणायची, माझी आई म्हणते. पडद्यावर अशी बोलणारी बाई आली की ती खुळी नाहीतर भांडकुदळ असते, म्हणून मुली रंगमंचावर गेल्या की पुणेरी बोलायला लागतात. यंदा कंडक्टर झालेल्या मुलीला मी म्हटलं, घरी बोलतेस तसं बोल. "तिकीट काढा, मी मागं येतो," असं ती म्हणाली आणि सभागृहात हसू आलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन आज्यांनी नुसती मान हलवली.

नाटकाच्या दिवशी आप्पा आले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. मी त्यांना आधी विंगेत आणलं, मुलांना भेटवायला. तो काळा सदरा शिरोलीच्या मुलानं घेतला होता, नाटकातला सुतार झाला होता तो. आप्पांनी सदऱ्याचं कापड बोटांनी चाचपलं. मग त्यांनी मुलाचं वरचं बटण लावायला घेतलं, आणि लागेना. बघतो तर वरच्या दोन काजांना दोऱ्याची खूण होती, पण ती कापलेलीच नव्हती. शिवणाऱ्यानं कधी कापलीच नव्हती, कारण तो सदरा गळ्यापर्यंत लावायचा म्हणून कुणी शिवला नव्हता. आप्पांनी माझ्याकडे ब्लेड मागितलं. मेकअपच्या पेटीत होतं. थरथरत्या हातानं, पण सुताराच्या बेतानं, त्यांनी दोन्ही काजं चिरली आणि बटणं लावली.

कपडे परत करायला गेले तेव्हा मी मामांना ती काजं दाखवली आणि भरपाई किती ते विचारलं. मामांनी सदरा उलटा केला, उजेडाला धरून बघितला. वहिनींकडून काळा सुईदोरा मागून घेतला आणि तिथंच, गिऱ्हाईक उभं असताना, दोन्ही काजांच्या कडा शिवून पक्क्या केल्या. अनामत पूर्ण परत मिळाली.